त्रिशला बॅटरी धरते

झोप येते तेव्हा मी मोटरसायकलशेजारी पडलेला असतो. सोप्यात पोतं अंथरलंय, त्यावर डाव्या कुशीवर लवंडलोय आणि डोकं इंजिनाच्या पातळीला आणलंय. माझं वय सदुसष्ट. या वयात फरशीवर असं पडू नये, हे सुनेनं आत्ताच येऊन सांगितलं. "आण्णा, कॉटवर जाऊन पडा की वाईच. गाडी कुटं पळून जात न्हाई." मी नुसतं हूं म्हटलं. हूं म्हटलं की सुजाता जाते, हे मला तेरा महिन्यांत कळलंय.

दुपारचे चार वाजत आलेत. रात्री मला झोप नसते. दिवसा मात्र ती कुठेही गाठते; मागं एकदा बँकेत पासबुक भरायच्या रांगेत उभ्या उभ्या लागली होती आणि मागच्या माणसानं खांद्याला धरून पुढं सरकवलं होतं. थकवा काम केल्यानं येतो असं मी आयुष्यभर समजत होतो. आता काम नाही आणि थकवा जात नाही.

गाडी एक्केचाळीस वर्षांची आहे. जुन्या गाडीला थोडं तेल गळायचंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एका जागी गळलं असतं तर खाली डबडं ठेवून गप्प बसलो असतो. ही गेली दोन वर्षं सगळीकडून गळते. हेडच्या खालून, टॅपेटच्या झाकणातून, गिअरच्या दांड्यापाशी, जिथे म्हणून दोन लोखंडं एकमेकांना टेकतात तिथून. पॅकिंगं तीनदा बदलून झाली. सांगलीच्या एका मेकॅनिकनं इंजिन उतरवलं, चढवलं आणि म्हणाला, "काका, आता भंगारात द्या." त्याच्याशी मी बोलणं टाकलं. मी साखर कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होतो. पंप कुठून गळतोय हे नुसता हात फिरवून सांगायचो. हंगामात रात्री-अपरात्री जीप यायची, मगदूम फिटरला घेऊन या म्हणून. आणि घरची गाडी मला दाद देत नाही, याची मला खरोखर लाज वाटते.

आज जुनी रीत करून बघितली. इंजिन रॉकेलनं धुतलं, पुसून कोरडं केलं आणि त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. मग जयसिंगपूरहून निघून अंकलीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. तेल जिथून सुटतं तिथली पावडर आधी भिजते, बाकीची कोरडी राहते. पावडर त्रिशलाची, माझ्या बायकोची. तेरा महिन्यांपूर्वी ती गेली तेव्हापासून डबा कपाटात तसाच होता. इंजिन तापलं तसा त्या पावडरीचा वास सुटला, आणि आता सोप्यात कुणीतरी नुकतंच आंघोळ करून आल्यासारखं वाटतंय. मी पोत्यावर पडून बघतोय. पावडर सगळीकडेच भिजलीय. डोळ्यांची आग होते म्हणून मी ते मिटतो, जरा वेळ.

उजेड हलतो. इंजिनाच्या खालच्या अंधारात कुणीतरी बॅटरी मारतंय आणि नेहमीसारखी चुकीच्या जागी मारतंय.

"वर धर," मी म्हणतो.

"वरच धरलिया. तुमचं डोस्कं मधी येतंय."

मी डोकं बाजूला घेतो. त्रिशला उकिडवी बसलीय. जांभळं इरकल नेसलीय, पदर खोचलाय, पायात काही नाही. मला आश्चर्य वाटत नाही. ती गेलीय हे मला पक्कं ठाऊक आहे आणि ती बॅटरी धरून बसलीय हेही दिसतंय. दोन्हींची सांगड घालत बसायची ताकद माझ्यात नाही. अडतीस वर्षं तिनं ही बॅटरी धरली. मी काम करायचो आणि ती माझ्या हाताची सावली नेमकी नटावर पाडायची.

"कुटनं गळतंय?" ती विचारते.

"सगळीकडनं."

"सगळीकडनं कसं गळंल? तुम्हीच म्हणायचासा, सुटतं एका जागनं, बाकीचं वारं पसरवतंय म्हणून."

"म्हणायचो. आता नाही म्हणत."

"का?"

"कंटाळलो."

मी पाना लावतो, पाना बसत नाही. दुसरा मागतो. ती देते तोही बसत नाही. मी मान वर करतो तर सोप्याची कौलं फार उंच गेलीत. वरून क्रेनचा हूक लोंबतोय. उसाच्या मळीचा वास येतोय, पायाखालची लोखंडी जाळी थरथरतेय. हे कारखान्याचं मिल हाऊस आहे आणि दोन चरकांच्या मधल्या बोळात माझी गाडी स्टँडवर उभी आहे. पाळीची माणसं शेजारून जातात, कुणी बघत नाही. मी हाक मारून सांगावं म्हणतो, अरे ही बायको माझी, ही इथं कधी आली नव्हती. पण कुणाचंच नाव आठवत नाही.

त्रिशला मागच्या सीटवर जाऊन बसलीय, नेहमीसारखी दोन्ही पाय डावीकडं सोडून. बॅटरी मांडीवर ठेवलीय, आणि उजेड माझ्या तोंडावर येतोय.

"खाली उतर. गाडी हलतीय."

"ह्या गाडीचं मला तुमच्यापरास जास्त ठावं हाय," ती म्हणते. "तुम्ही फुडं बघत हुतासा. मला कायम खालीच बघायला लागायचं, पदर चाकात जातोय काय म्हणून."

"मग सांग की कुठून गळतंय."

"सांगते. दम धरा."

मला दम धरवत नाही. जाळीखालून गरम वाफ येते, पायाला लागते. मी उठून बाजूला होतो आणि पायाखाली सिमेंट असतं. वर पत्रे आहेत. रांगेनं गाड्या लावल्यात, एका कडेला लिंबाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याला कुणीतरी पान थुंकलंय. मी तिथंच थांबतो. ही जागा मी ओळखतो आणि मला इथं यायचं नव्हतं.

मिरजेच्या दवाखान्याची ही पार्किंगची जागा. तिसऱ्या मजल्यावर त्रिशला अकरा दिवस होती. अकराव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला वॉचमन वर आला. म्हणाला, तुमच्या गाडीचं तेल शेजारच्या गाडीखाली गेलंय, मालक ओरडतोय, जरा बघा. मी त्रिशलाला म्हटलं, दहा मिनिटांत येतो. तिनं मान हलवली. सुजाता अजून घरून आली नव्हती, खोलीत फक्त आया होती. मी खाली आलो, तेल पुसलं, दोन नट आवळले. दहा मिनिटांचं काम होतं ते. मी तिथं पाऊण तास बसलो. जे नट आवळायची गरज नव्हती तेही आवळले. वर गेलो तेव्हा आया चादर सारखी करत होती.

त्या आयाला मी एक गोष्ट विचारायला हवी होती आणि विचारली नाही. त्रिशलानं मला हाक मारली होती का. एवढंच. तेरा महिने मी रात्री हेच उगाळतोय. मारली नसेल तर मी दहा मिनिटं खाली गेलेला नवरा आहे, असं कुणाचंही होतं. मारली असेल तर मी कोण आहे ते मला ठरवता येत नाही.

आता ती इथं उभी आहे, लिंबाखाली, आणि मी विचारू शकतो. मी तोंड उघडतो.

"किती वेळ गळत होतं?" माझ्या तोंडून येतं.

"माघापासनं."

"ते नाही. मला विचारायचंय ते..." मी पुन्हा जुळवतो. "हेडचा नट ढिला होता काय?"

"न्हाई."

मी शब्द शोधतो आणि प्रत्येक वेळी हाताला पाना लागतो. मला माझाच राग येतो. ती वाट बघते. जिवंतपणीही अशीच वाट बघायची, मी विषयावर येईपर्यंत हातातलं काहीतरी निवडत बसायची. आता तिच्या हातात तांदूळ निवडायचं सूप आहे आणि आम्ही लग्नाच्या कार्यालयात आहोत.

निपाणीचं कार्यालय. दोन वर्षांमागं माघात तिच्या भाच्याचं लग्न होतं, तेव्हा आम्ही इथं गाडीवरूनच आलो होतो. सगळी एसटीनं आली, आम्ही दोघं गाडीवर, कारण मला ऐट होती. सनई मोठ्यानं वाजतेय, पण ऐकू मात्र तिचंच येतंय. ती सूप खाली ठेवते आणि नेसल्या साडीचा काठ माझ्यापुढं धरते.

"बघा."

मी बघतो. काठ स्वच्छ आहे.

"कुटं हाय डाग?" ती विचारते.

"नाही."

"हिच्या आदीच्या तीन साड्या आठवत्यात? डाव्या अंगाला काळं काळं ठिपकं. सोडा लावला, लिंबू लावलं, जात न्हवतं. तुम्हाला सांगितलं तर काय म्हणालासा?"

मला आठवतं. इंजिनाच्या पोटातून एक रबरी नळी निघते आणि डाव्या बाजूनं मागच्या मडगार्डपर्यंत जाते. पिस्टन खालीवर होतो तशी आत हवा दाबली जाते, ती बाहेर पडायला ही नळी असते. हवेबरोबर तेलाचा थोडा फवाराही येतो. तो नेमका तिच्या साडीवर यायचा. मी म्हटलं होतं, गाडीला श्वास लागतो, त्याला मी काय करू. तू उजवीकडं पाय सोडून बस.

"उजवीकडं पाय सोडून कोण बसतंय का?" ती म्हणते.

"मी गंमत केली होती."

"मला ठावं हाय. पर ही साडी भावानं घेतली हुती, नवी. तुम्ही घरात किल्ली हुडकत हुतासा. मी म्हणलं आजच्या दिवस. जुन्या चोळीची चिंधी घेतली, बोळा केला आन् नळीत घातला. भाईर दिसला तर तुम्ही काढून टाकणार, म्हणून क्रोशाच्या सुईनं लांब आत ढकलला. येताना काढीन म्हणलं. मग लग्नाच्या गडबडीत इसरून गेले."

मी तिच्याकडं बघत राहतो. सनई चाललीच आहे.

"बोळा घातलास."

"व्हय."

"नळीत."

"व्हय म्हणलं न्हवं का."

मला हसू यायला हवं होतं. मला राग येतो, आणि तो खरा राग आहे, तेरा महिन्यांत एवढा जिवंत मी कधी झालो नव्हतो. नळी बुजली की हवा आत कोंडते. कोंडली की ती प्रत्येक फटीतून बाहेर पडायला बघते आणि तेलाला सोबत घेऊन येते. पॅकिंगांत खोट नव्हती, नटांत नव्हती. मी तीनदा इंजिन खोललं. त्या दोन वर्षांत नळी इंजिनाच्या टोकाकडून दोनदा निसटलीही होती. गाडी बिचारी सांगत होती. मी काय केलं, तर तार गुंडाळून नळी परत घट्ट आवळली. बत्तीस वर्षांचा फिटर.

"मला सांगायचं होतंस," मी म्हणतो. माझा आवाज चढतो आणि कार्यालयातल्या बायका वळून बघतात. "एकदा तरी सांगायचं होतंस."

"मला आठवलं तवा तुम्ही दुसऱ्यांदा इंजिन खोलून बसला हुतासा. सगळं सुटं करून पेपरावर मांडलं हुतं. तवा सांगितलं असतं तर तुम्ही आठ दिवस जेवला नसतासा."

"आणि नंतर?"

"नंतर माझंच सुरू झालं की."

हे ती सहज सांगते. तिचं दुखणं दिवाळीत कळलं. त्यानंतर घरात गाडीबद्दल कुणी बोललं नाही, मी सोडून.

"त्या दिवशी मी त्या तेलासाठीच खाली गेलो होतो," मी म्हणतो. एकदाचं तोंडातून निघतं. "तुझ्या बोळ्यापायी."

"माझ्या बोळ्यापायी," ती मान हलवते. "आन् तुमच्याबी पायी."

खोली तिसऱ्या मजल्यावरची आहे. पश्चिमेची खिडकी, खाली दुकानांच्या पाट्या, उन्हाचा पट्टा पलंगाच्या कडेवर. त्रिशला पलंगावर आहे, पण आजारी नाही. पाय खाली सोडून बसलीय, बॅटरी अजून हातात. मी स्टुलावर. मधल्या टेबलावर स्टीलचा डबा आहे. असा डबा मी तिथं कधी बघितला नव्हता.

"दहा मिनिटांचं काम होतं," मी म्हणतो. "मी मुद्दाम वर आलो नाही."

"ठावं हाय."

"तेल निमित्त होतं. तुझा श्वास लागायचा, त्याचा आवाज मला ऐकवत नव्हता."

"तेबी ठावं हाय. मलातरी कुटं ऐकवत हुता."

मी खाली बघतो. माझे हात तेलानं काळे आहेत, त्या दिवशी होते तसेच. मला फार थकल्यासारखं वाटतं, झोपेतही झोप यावी असं. तरी आता विचारलं नाही तर पुन्हा कधी विचारता येणार नाही, एवढं कळतं.

"मला हाक मारली होतीस काय?"

"मारली की," ती म्हणते.

मी स्टूल पुढं ओढतो.

"किती?"

"तीन."

"फार दुखत होतं?"

"दुखायचं काय घेऊन बसलाय. दिवस बुडाय आल्ता. सुजीनं डबा आणून ठेवला हुता, तिला मीच सांगितलं हुतं दिवस असतानाच आण म्हणून. तुम्ही अकरा दिवस रात्री धा-धा वाजता त्या कॅन्टीनमधी जेवत हुतासा. जलमात कधी दिवस बुडल्यावर जेवला न्हाईसा, आन् माझ्यापायी जेवाय लागलासा. मला ते बरं दिसत न्हवतं."

आमच्या घरात दिवस बुडायच्या आत जेवायचं, ही शिस्त तिची. मी कारखान्यात पाळीवर असलो तरी पाच वाजता डबा गेटवर यायचा. लोक हसायचे, मगदूमाचा सूर्य डब्यात बांधून येतो म्हणून.

"तुला तर तोंडानं काही चालत नव्हतं," मी म्हणतो.

"म्हणून काय झालं? तुम्ही जेवताना बघत बसले असते. पयली हाक मारली, जरा थांबले. दुसरी मारली. त्या आया म्हणाल्या, खाली जाऊन बोलवून आणू काय? मी म्हणलं नको, गाडीखाली असतील, मधनंच उठवलं की चिडत्यात." ती थांबते. "मग तिसरी अशीच मारली."

"अशीच म्हणजे?"

"सवयीनं."

मी रडतो. मोठ्यानं नाही, पण रडतो, आणि ती थांबवत नाही. बॅटरीचा उजेड माझ्या हातांवर आहे. या खेपेला तिनं बरोबर जागी धरलीय.

"हे सगळं मीच बोलतोय," मी थोड्या वेळानं म्हणतो. "तू नाहीस. पावडरीच्या वासानं डोकं काहीतरी रचतंय. मला बरं वाटावं म्हणून."

"आसंल," त्रिशला म्हणते. "नळी बघा की मग."

ती बटण दाबून बॅटरी विझवते.

मान अवघडलीय. गालाखाली पोत्याचं सुतळीचं विणकाम रुतलंय. सोप्यात ऊन तिरपं होऊन भिंतीवर चढलंय, घड्याळात पावणेसहा झालेत. शेजारी बॅटरी वगैरे काही नाही, मी ती काढलीच नव्हती.

मी पडूनच राहतो आणि पहिल्यांदा मला जे वाटतं ते सांगतो: सुटल्यासारखं वाटतं. स्वप्न होतं. तीन हाका मी रचल्या, डबाही मीच रचला. नळीचं म्हणाल तर नळी दोनदा निसटली हे माझ्या डोक्यात होतंच. फिटरचं डोकं झोपेतही काम करतं आणि जागेपणी जो हिशेब लागला नव्हता तो झोपेत लागला. बोळा-बिळा काही नाही. आत तेलाची काजळी बसली असेल.

मग उठतो, कारण बघितल्याशिवाय राहवणार नाही हेही मला ठाऊक आहे. गुडघा धरून, भिंत धरून उठतो. गाडीच्या मागं जाऊन मडगार्डच्या आतल्या बाजूला बोट घालतो. नळीचं तोंड लागतं. बोटाला काही लागत नाही, नुसतं ओशट. मला हायसं वाटतं. तरी अवजारांच्या पेटीतून सायकलची जुनी तार काढतो, टोक वाकवून आकडा करतो आणि नळीत घालतो. चार बोटं, सहा बोटं. एक वीत गेल्यावर तार अडते. फिरवून ओढतो. अडकलेलं काहीतरी जरा जरा सरकतं, तार वाकते, मी पुन्हा आकडा बसवतो.

बाहेर येतो तो अंगठ्याएवढा काळा गोळा. पाठोपाठ नळीतून तेल टपटप सांडतं, माझ्या पायावर, फरशीवर. मी ते पुसत नाही. वाटीत रॉकेल घेतो आणि गोळा त्यात चोळतो. काळं झालेलं रॉकेल दोनदा टाकतो. तिसऱ्यांदा कापड उलगडतं. हिरवा खण आहे, तांबड्या काठाचा. एका कडेला हुकाचं काज अजून शाबूत आहे.

मी पोत्यावर बसतो. स्वप्नातली एक गोष्ट माझ्या हातात आहे आणि ती मला ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं. आता मला तीच ठेवून बाकीचं टाकून देता येईना. बोळा घ्यायचा आणि हाका नाकारायच्या, असं करून बघतो. जमत नाही. तिनं मला तीन वेळा बोलावलं आणि मी खाली गरज नसलेले नट आवळत बसलो होतो. हे आता असंच राहणार.

सुजाता फडक्याला हात पुसत सोप्यात येते. फरशीवरचं तेल बघून तोंड उघडते आणि माझ्या हाताकडं बघून मिटते.

"ह्यो आत्तींच्या चोळीचा खण न्हवं?" ती विचारते. "कुटं घावला?"

"नळीत."

"नळीत कसा गेला?"

"तिनंच घातला होता. साडी खराब होऊ नये म्हणून."

सुजाता माझ्याकडं बघते, मग गाडीकडं. हसावं की नाही हे तिला कळत नाही. मी विचारतो, आणि हे विचारताना मला कुठलाही पाना आडवा येत नाही.

"सुजाता, दवाखान्यात, त्या शेवटच्या दिवशी, तू डबा आणला होतास काय?"

ती खाली बसते, उंबऱ्यावर.

"व्हय," ती म्हणते. "तुमचा. आत्तींनीच सकाळी सांगितलं हुतं, दिवस असतानाच आण, आज त्यास्नी कॅन्टीनला जाऊ देऊ नको म्हणून. मी आले तवा तुम्ही खाली हुतासा. टेबलावर ठिवला आन् मी औषधाला गेले." ती फडकं उगीच घडी करते. "तसाच भरलेला परत आणला. तुम्हास्नी कशाला सांगायचं म्हणलं."

"कोणती भाजी होती?"

"वांग्याची."

मी मान हलवतो. तेरा महिने ही पोर तो भरलेला डबा एकटी घेऊन बसली होती, आणि मी तिला हूं म्हणून घालवत होतो. याचीही मला लाज वाटते. आजच्या दिवसात दुसऱ्यांदा.

"जेवण झालंय काय?" मी विचारतो.

"भाकरी व्हायच्यात दोन. तुम्ही तर धाला जेवतासा."

"आत्ता वाढ. दिवस आहे अजून."

ती उठते आणि काही न विचारता आत जाते. मी खणाचा तुकडा पिळतो, सोप्यातल्या तारेवर वाळत घालतो आणि हात धुवायला मोरीत जातो. तेल साबणानं लवकर निघत नाही. आतून सुजाता "आण्णा" म्हणून हाक मारते.

"आलो," मी म्हणतो, आणि तसाच ओल्या, अर्ध्या काळ्या हातांनी पानावर जाऊन बसतो.